चंदीगड : रुंद रस्ते, महागड्या मोटारी आणि पाचव्या वर्षाचा हिशेब

सिमला-मनालीच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबांचा पहिला मुक्काम बहुधा चंदीगडला पडतो. सकाळी नेकचंद यांचे रॉक गार्डन, दुपारी गुलाबांची बाग, संध्याकाळी सुखना तलावाच्या काठाने फेरफटका आणि रात्री सेक्टर ३५मध्ये पोटभर पंजाबी जेवण, असा कार्यक्रम ठरलेला असतो. दुसऱ्या दिवशी बस काल्क्याच्या दिशेने निघते आणि शहर मागे पडते.

या एका दिवसात जी गोष्ट प्रत्येकाच्या डोळ्यांत भरते, ती मात्र प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नसते. ती म्हणजे इथल्या मोटारी. पुण्या-मुंबईतही मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी पुष्कळ दिसतात, पण गर्दीत हरवून जातात. इथे सरळ, रुंद, झाडांच्या सावलीतल्या रस्त्यावरून त्या मिरवत जातात. पाहणाऱ्याला वाटते, ‘काय ही श्रीमंती!’ त्या श्रीमंतीचे मोल काय आणि ते कोण, केव्हा, कुठे मोजतो, हेही याच शहरात पाहता येते. महागड्या मोटारीच्या आयुष्यातले बहुतेक सगळे टप्पे इथे काही किलोमीटरच्या आत सापडतात.

मोटारीआधी आलेले रस्ते

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नव्या राजधानीची गरज पडली. आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला. १९५०मध्ये नोविकी विमान अपघातात दगावले. त्यानंतर फ्रान्सचे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे हे काम आले. त्यांच्याबरोबर पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्‌घाटन केले.

कॉर्बुझिए यांनी रस्त्यांची सात प्रकारांत विभागणी केली. बाहेरगावाहून येणारे हमरस्ते, शहराचे मुख्य मार्ग, सेक्टरभोवतीचे वेगवान रस्ते, सेक्टरमधला बाजाराचा रस्ता, घरापर्यंत नेणारी गल्ली आणि शेवटी फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. सायकलींसाठी आठवा प्रकार पुढे जोडला गेला. प्रत्येक सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा. वेगवान रस्त्यावर एकाही घराचे दार उघडत नाही. मूल खेळता खेळता थेट गाड्यांपुढे येऊ नये, हा त्यामागचा विचार.

गंमत अशी, की हे रस्ते आखले गेले तेव्हा त्यांवर धावायला मोटारी जवळजवळ नव्हत्याच. सरकारी बाबू सायकलने कचेरीत जात. शहर सुरुवातीला दीड लाख आणि पुढे पाच लाख लोकांसाठी योजलेले होते. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेदहा लाखांवर पोचली आणि नोंदलेल्या वाहनांची संख्या आता त्याच्याही पुढे गेली आहे. पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी, सरकारी अधिकारी, शेतजमिनीचे मालक, परदेशी स्थायिक झालेली मुले, जवळच मोहाली आणि पंचकुला. पैसा चारी बाजूंनी आला आणि पैशाबरोबर मोटारी आल्या. रस्ते आधीच तयार होते.

नंबराचा मान

शहराच्या दक्षिण-पूर्वेला इंडस्ट्रियल एरिया आहे. एके काळी कारखान्यांसाठी राखलेल्या या भागात आता काचेच्या भिंतींची मोठमोठी शोरूम उभी आहेत. महागड्या मोटारीचा चंदीगडमधला प्रवास बहुतेक वेळा इथून सुरू होतो. चावी हातात येते, हार घातला जातो, पेढे वाटले जातात, फोटो निघतात.

दुसरा टप्पा सेक्टर १७चा. इथल्या वाहन नोंदणी कार्यालयातर्फे आवडत्या क्रमांकांचा लिलाव होतो. २०१२मध्ये ०००१ हा क्रमांक एका मर्सिडीजच्या मालकाने २६ लाख ५ हजार रुपयांना घेतला. २०२२मध्ये एका गृहस्थाने याच क्रमांकासाठी १५ लाख ४४ हजार रुपये मोजले. त्याने तो लावला कशाला, तर ७१ हजारांच्या स्कूटरला! पुढे मोटार घेतली की तिच्यासाठी उपयोगी पडेल, असा त्यामागचा विचार होता. २०२५मध्ये तर ०००१ची बोली ३६ लाखांपलीकडे गेली.

या बातम्या वाचून हसू येते. पण महाराष्ट्रानेही हसण्याआधी थोडे थांबावे. १५ ऑक्टोबर २०१० रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या होत्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. त्या खरेदीत हौस होती, तसा हिशेबही होता. एकत्र गेल्याने किंमत आणि कर्जाचा व्याजदर दोन्हींत घासाघीस करता आली, आणि छोट्या शहरातल्या ग्राहकाला कमी लेखू नये, हेही दाखवून देता आले. हौसेला मोल नसते हे खरे, पण हिशेब असायला हरकत नाही.

गेडी मारायची की वेग गाठायचा?

पंजाबीत ‘गेडी’ म्हणजे फेरी. सेक्टर ८ ते ११ या पट्ट्यातल्या बाजाररस्त्याला सारे शहर ‘गेडी रूट’ म्हणते. जवळपास महाविद्यालये आहेत. संध्याकाळ झाली, की तरुण मुले मोटारीत बसून त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा चकरा मारतात. कुठे जायचे नसते, फक्त दिसायचे असते. पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्याची किंवा मुंबईच्या मरीन ड्राइव्हची आठवण यावी असाच हा प्रकार.

इथे खरी फसगत होते ती ‘परफॉर्मन्स’ मॉडेलची, म्हणजे त्याच मोटारीच्या अधिक ताकदवान अवताराची. शोरूममध्ये तिचे आकडे भुरळ घालतात. नोव्हेंबर २०२४मध्ये भारतात आलेल्या मर्सिडीजच्या एएमजी सी-६३चेच उदाहरण घ्या. तेव्हा किंमत होती १ कोटी ९५ लाख. ताकद ६८० अश्वशक्तीच्या घरात आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेतीन सेकंदांच्या आत. पण ही ताकद मिळवताना काही सोडावेही लागले. पूर्वीच्या गाडीतले आठ सिलिंडरचे इंजिन गेले आणि त्या जागी चार सिलिंडरचे दोन लिटरचे इंजिन व त्याला जोडलेली विजेची मोटर आली. बॅटरीमुळे वजन दोन टनांपलीकडे गेले आणि डिकीतली जागा घटली. जुन्या इंजिनाच्या घुमणाऱ्या आवाजावर जीव टाकणारे चाहते त्यामुळे हिरमुसले.

इतक्या महाग गाडीपर्यंत न जाताही तडजोड चुकत नाही. ताकदवान मॉडेलचे टायर रुंद आणि पातळ कडांचे असतात. खड्डा लागला तर टायरबरोबर रिमही वाकतो. स्प्रिंग कडक असल्याने मागे बसलेल्या आजी-आजोबांना प्रत्येक गतिरोधक जाणवतो. गाडीचे पोट जमिनीलगत असते. अनेक गाड्यांत जादा चाक नसते. पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणारे खास टायर दिलेले असतात आणि ते महाग असतात. चंदीगडच्या गुळगुळीत मार्गावर हे काही जाणवत नाही. पण रविवारी सकाळी कसौलीला किंवा मोरनीच्या टेकड्यांवर जायचे ठरले, की घाटातल्या पहिल्या खडबडीत वळणावर सगळे एकदम जाणवते.

आणि वेग? शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांबाबत चंदीगड पोलीस पूर्वीपासून कडक म्हणून प्रसिद्ध. मार्च २०२२मध्ये सेक्टर १७मध्ये कॅमेऱ्यांचे नियंत्रण केंद्र सुरू झाल्यापासून दंडाची पावती थेट घरी येते. ताशी २५० किलोमीटर धावू शकणारी गाडी घ्यायची आणि साठच्या आत चालवायची, असा हा सौदा आहे.

इंधनाचेही तसेच. डिसेंबर २०२०मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल ज्या पहिल्या दहा शहरांत आणले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर चंदीगडही होते. तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपयांच्या आसपास होता. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणारी आणि लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी दीड हजार लिटर पेट्रोल पिते. साधे पेट्रोल शंभर रुपयांचे धरले तर दीड लाख, आणि १६० रुपयांचे घातले तर २ लाख ४० हजार. आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. कंपनीने ९५ ऑक्टेन पुरेसे म्हटले असेल, तर १०० ऑक्टेनचा फायदा खिशाला कळतो, इंजिनाला फारसा कळत नाही.

हमी कोणत्या गोष्टीची?

महागड्या मोटारीची वॉरंटी कंपनीनुसार साधारण दोन ते पाच वर्षांची असते. पुष्कळ खरेदीदार समजतात, की या काळात काहीही बिघडले तरी कंपनी बघून घेईल. तसे नसते. वॉरंटी ही निर्मितीतल्या दोषाची हमी आहे. ब्रेकचे पॅड, वायपर, फिल्टर, तेल हे झिजणारे भाग तिच्यात येत नाहीत. टायरची हमी टायर कंपनीची. वेळेवर सर्व्हिसिंग केले नाही, चुकीचे इंधन भरले किंवा ताकद वाढवण्यासाठी बाहेरून इंजिनाच्या संगणकात फेरफार केले, तर संबंधित भागाची हमी नाकारली जाऊ शकते. शिवाय नोंदणीपुस्तकातील मूळ वर्णनाशी विसंगत बदल कायद्यालाही मान्य नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. काचांवरच्या काळ्या फिल्मला तर २०१२पासूनच बंदी आहे.

मुदत संपण्यापूर्वी वाढीव वॉरंटी घेता येते. ती महाग वाटते खरी, पण अशा गाडीत काय काय असते ते पाहावे. हवेवर चालणारे सस्पेन्शन, बंपरमागचे रडार, पुढच्या काचेतला कॅमेरा, स्वतः झोत वळवणारे दिवे. दिव्याची काच तडकली तर नुसती काच मिळत नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो आणि एकाच दिव्याचे बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. काच बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. साध्या गाडीत जे काम कोपऱ्यावरचा मेकॅनिक दोन तासांत करतो, त्यासाठी इथे कंपनीचा संगणक लागतो.

विम्यातही अशीच खाच आहे. साध्या विम्यात रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीच्या नुकसानीतून ५० टक्के घसारा कापला जातो. आधुनिक मोटारीत प्लॅस्टिक किती असते ते सांगायला नको. म्हणूनच ‘झिरो डेप्रिसिएशन’ हे जादा कलम अशा गाडीला आवश्यक ठरते.

जुलै २०२३मध्ये चंदीगडने आणखी एक धडा घेतला. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले, रस्ते पाण्याखाली गेले. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, की इंजिनात पाणी ओढले जाते. पाणी दाबले जात नाही, मग आतली दांडी वाकते आणि सारे इंजिन उघडावे लागते. साधा विमा हे नुकसान बहुधा नाकारतो. ‘इंजिन प्रोटेक्शन’चे कलम घेतले असेल तरच आधार. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको.

मणिमाजरा ते हल्लोमाजरा

हमी संपली, की मोटारीचा पत्ता बदलतो. कंपनीच्या वातानुकूलित सर्व्हिस सेंटरमधून ती मणिमाजराच्या मोटर मार्केटमध्ये येऊ लागते. शहराच्या पूर्व टोकाच्या या बाजारात दुरुस्तीची आणि सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. इथले कुशल कारागीर पुष्कळ काही दुरुस्त करतात आणि बिल निश्चितच कमी येते. पण भाग अस्सल आहे की नकली, हे ग्राहकाला स्वतः पारखावे लागते.

त्याच्यापुढचा टप्पा जुन्या गाड्यांच्या विक्रीचा. पूर्वी सेक्टर ७मध्ये दर रविवारी मोटारबाजार भरे. पुढे तो शहराच्या कडेला हल्लोमाजराकडे नेण्यात आला. शोरूममध्ये ज्या गाडीला बोट लावायला संकोच वाटे, तिच्या बोनेटवर थाप मारून इथे भाव पाडला जातो.

हा भाव किती पडतो? विमा कंपन्यांचे कोष्टकच पाहावे. सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीची किंमत १५ टक्क्यांनी कमी धरली जाते, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्क्यांनी. म्हणजे ६० लाखांची मोटार पाचव्या वर्षात ३० लाखांची. प्रत्यक्ष बाजारात महागडी गाडी बहुधा त्याहूनही खाली जाते. आता त्यात कर्ज मिळवा. ४८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १ लाख रुपयांचा आणि एकूण व्याज पावणेबारा लाखांच्या वर. घसारा आणि व्याज मिळूनच ४० लाखांहून अधिक गेले. यात पेट्रोल, विमा, टायर, दुरुस्ती आणि कर धरलेलेच नाहीत.

म्हणूनच ‘निम्म्या किमतीत मर्सिडीज’ ही जाहिरात मराठी मध्यमवर्गीयाला उत्तरेकडच्या जुन्या बाजाराकडे ओढते. पण गाडीची किंमत निम्मी झाली, तरी तिच्या दिव्याची, टायरची, सस्पेन्शनची किंमत निम्मी होत नाही. ती नव्या गाडीच्याच दराने द्यावी लागते. शिवाय परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवायची, तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला आणून नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला करही भरावा लागतो.

सेक्टर १९चे दार

इतके करूनही नवी गाडीच सदोष निघाली तर? मध्य मार्गावर सेक्टर १९मध्ये चंदीगडचा राज्य ग्राहक आयोग आहे. सध्याच्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत रक्कम मोजलेली तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५० लाख ते २ कोटींची राज्य आयोगाकडे आणि त्यापुढची राष्ट्रीय आयोगाकडे. म्हणजे महागड्या मोटारीच्या बऱ्याच मालकांना थेट राज्य आयोगाचीच पायरी चढावी लागते. तक्रार ग्राहकाला आपण राहतो तिथे करता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. निर्मितीतला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. सेक्टर १२मधल्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांकडे चंदीगडचे आयोग अशा गाड्या तपासणीसाठी पाठवत आले आहेत.

न्यायालये ग्राहकाला काय देतात आणि काय देत नाहीत, हेही माहीत असावे. २००६मध्ये मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर कंपनीवर तेवढीच जबाबदारी येते, अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११चे मॉडेल म्हणून २००९ची गाडी विकली गेली होती. त्या खटल्यात २०२१मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही, कारण विक्रेत्याच्या त्या कृत्याची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झाले नव्हते. याचा बोध एवढाच, की गाडीच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष चावी घेण्यापूर्वी पाहावे, नंतर नाही. मात्र २०२४मध्ये मर्सिडीजविषयीच्या खटल्यांत न्यायालयाने ग्राहकांना दिलासाही दिला. कंपनीने संचालकाच्या वापरासाठी मोटार घेतली, म्हणून ती आपोआप व्यापारी खरेदी ठरत नाही आणि ग्राहक कायद्याचे दार बंद होत नाही.

गाडी घेण्यापूर्वी

• किमतीत कर मिळवूनच आकडा धरा. सप्टेंबर २०२५पासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवरच्या मोटारींवर ५ टक्के जीएसटी आहे.

• महाराष्ट्रात २० लाखांवरील खासगी पेट्रोल मोटारीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के आणि कंपनीच्या नावावरील मोटारीला २० टक्के वाहनकर पडतो. ६० लाखांच्या पेट्रोल गाडीवर कंपनीचे नाव लावताच ७ लाख ८० हजारांचे १२ लाख होतात. आयकरातली सवलत याहून जास्त आहे का, ते हिशेबनिसाला विचारा.

• पाच वर्षांची वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिसिंगचा करार यांची रक्कम खरेदीच्या दिवशीच लेखी घ्या.

• चार टायर, एक दिवा आणि पुढची काच यांचे दर विचारा. हे ऐकूनही हौस टिकली, तर गाडी परवडणारी आहे.

• ताकदवान मॉडेल घ्यायचे असेल, तर चाचणीच्या वेळी घरच्यांना मागच्या सीटवर बसवा आणि खराब रस्त्यावरून न्या.

• जुनी गाडी घेताना वॉरंटी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे कंपनीकडूनच खात्री करून घ्या.

चांगली मोटार घेणे हा गुन्हा नाही. सुरक्षितता, आराम आणि कष्टाने मिळवलेल्या पैशाचा आनंद यांना मोल आहेच. ज्याला पाचव्या वर्षाचा हिशेब आधी माहीत असतो, त्याला तो आनंद पाचव्या वर्षीही मिळतो.

चंदीगड घडवणाऱ्यांपैकी पिअर जानरे या शहरात सर्वांत जास्त काळ, १९६५पर्यंत राहिले. १९६७मध्ये ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे १९७०मध्ये त्यांच्या अस्थी सुखना तलावात सोडण्यात आल्या. संध्याकाळी या तलावाच्या काठावर फक्त माणसे चालतात. कोट्यवधींच्या मोटारी बाहेर वाहनतळावर उभ्या असतात आणि त्यांचे मालक साध्या बुटांनी तासभर पायी फिरतात. सहलीला जाणाऱ्यांनी या शहरात दोन गोष्टी जरूर पाहाव्यात : गेडी रूटवरची चमक आणि सुखनाच्या काठावरची ही पायवाट. दुसरीला वॉरंटी लागत नाही.